पहिल्या पिढीचे महाविद्यालयीन शिक्षण

ज्याच्या आईवडिलांपैकी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यापुढे शुल्काइतकाच परगावी राहण्या-जेवण्याचा प्रश्न असतो, हे ओळखून रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले आणि १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू करून ‘कमवा आणि शिका’, म्हणजे शेतात वा बांधकामावर राबून शिक्षणाचा खर्च भागवणे, ही पद्धत उच्च शिक्षणात रुजवली. श्रमाला प्रतिष्ठा देणारी ही व्यवस्था दानापेक्षा मोलाची होती. आज बारावीच्या निकालानंतर उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीच्या दाखल्याची समितीने केलेली पडताळणी, आणि प्रवेशफेरीची मुदत यांचा मेळ घालणारे जाणते माणूस अशा घरात नसते. ते काम शिक्षकांनी अकरावीपासूनच हाती घ्यावयास हवे.