शाळेसाठी स्पीकर घेताना

वर्गात कविता नि गाणी ऐकवण्यासाठी एखाद्याने शाळेला जुना आयपॉड भेट दिला, की गुरुजी त्याचा डॉक शोधू लागतात. डॉक म्हणजे यंत्र वर उभे बसवायचा स्पीकर. पण पैसे मोजण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा बरं का!

पहिली, खाच. २००३ साली आयपॉडला तीस पिनांची रुंद खाच आली. २०१२ च्या नॅनो व टचला अरुंद खाच आली. एकीचा डॉक दुसरीला थेट बसत नाही. शिवाय २०२२ साली आयपॉडच बंद झाला. म्हणून साडेतीन मिलिमीटरचे गोल भोकही असलेला स्पीकर घ्या. आयपॉड बिघडला तरी रेडिओ वायरीने जोडता येईल.

दुसरी, वीज. कित्येक डॉक केवळ विजेवरच चालतात. गावच्या दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालणारा बरा.

तिसरी, आवाज. दुकानाच्या भिंती आवाज परतवतात. उघड्या पटांगणात अंतर दुप्पट झाले, की तो सहा डेसिबलने उतरतो. तेव्हा बाहेर लावून, वीस पावलांवर उभे राहून ऐका. शब्द स्पष्ट कळला, तरच पैसे द्या. शेवटच्या रांगेतल्या पोराला कविता कळावी, यासाठीच तर हा खर्च!