आजार गेला, धास्ती का राहिली?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी फार शाळा शिकलेला माणूस नाही. गिरणीत साचा चालवला, पाळीवरून आल्यावर जमेल तसं वाचलं. म्हणून डॉक्टरकी सांगत नाही, घरात घडलं ते सांगतो.

माझ्या पुतणीला आठव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. पंचवटी एक्सप्रेसने तिला मुंबईला टाटा हॉस्पिटलात नेत होतो. जवळजवळ अडीच वर्षं औषधं चालली. पोरगी बरी झाली. आम्ही पेढे वाटले आणि घरात ठराव केला की, कॅन्सर हा शब्द पुन्हा काढायचा नाही. ठराव मांडणारा मीच होतो.

आज ती वीस वर्षांची आहे. मागच्या वर्षी साधा ताप आला, तर तीन रात्री झोपली नाही. मग म्हणाली, "काका, मी असं काय पाप केलं होतं, की तुम्ही सगळे माझ्या दुखण्याची लाज धरता?" बंधू-भगिनींनो, आम्ही लाज धरत नव्हतो, उद्या सोयरीक मोडेल म्हणून भीत होतो. पण लेकराला ती लाजच दिसली.

आणि पापाचं तिच्या डोक्यात कुणी घातलं? "मागच्या जन्माचे भोग" म्हणणारे आपल्याच वस्तीतले. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो, माणूस भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच का? भगवंत पित्त, कफ, वात, ऋतुपालट, बाहेरून झालेली इजा अशी कारणं मोजून दाखवतात आणि सगळंच पूर्वकर्मावर ढकलणं चूक ठरवतात. आजचे डॉक्टरही सांगतात की, लहान मुलांच्या बहुतेक कॅन्सरमागे ना मुलाची चूक असते, ना आईबापाची.

आजार जातो, पण त्याच्याबद्दलचा समज मागे राहतो आणि तोच या मुलांना चालवतो. "तो परत येणारच" असं धरून बसलेल्याचा कशातच जीव लागत नाही. "मला काही झालंच नव्हतं" म्हणणारा तपासणी चुकवतो. काही औषधांचा परिणाम हृदयावर कित्येक वर्षांनी दिसतो, म्हणून तपासणी सोडून चालत नाही. पण ज्याला पटलं की, "झालं होतं, बरं झालं, आता काळजी घेणं माझ्या हातात आहे," तो शिकतो, नोकरी धरतो, चारचौघांत मान वर करून बोलतो.

टाटा हॉस्पिटलात बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं 'ॲक्ट क्लिनिक' आहे. तिथे शरीराबरोबर मनाचीही विचारपूस होते. २००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने 'उगम' हा बऱ्या झालेल्या तरुणांचाच गट उभा राहिला. ही मुलं आपला आजार लपवत नाहीत. उपचार चालू असलेल्या लेकरांना आणि त्यांच्या आईबापांना धीर देतात.

तेव्हा माझी विनंती आहे. अशा मुलांना त्यांच्या देखत "बिचारी" म्हणू नका. कॅन्सर शिवल्याने होत नाही. सोयरिकीचा प्रश्न आला तर डॉक्टरांना विचारा, ज्योतिषाला नको.

मी माझा ठराव मागे घेतला आहे. गेल्या महिन्यात तिची जुनी फाईल माळ्यावरून काढली, धूळ पुसली आणि तिच्या हातात दिली. रात्री उशिरापर्यंत ती पानं उलटत बसली होती. सकाळी मला म्हणाली, "काका, तपासणीला या खेपेस मी एकटी जाईन."

जय भीम! नमो बुद्धाय!