पोटातली कापडी नळी

“ऑपरेशन झालं, फुगवटा गेला, मग आता बीपीची गोळी कशाला?” हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. आज त्याचंच उत्तर पाहू या.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. पोटात ती साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. भिंत कमजोर झाली की सायकलच्या ट्यूबसारखा तिला फुगवटा येतो. रुंदी 3 सेंटिमीटरवर गेली की डॉक्टर लक्ष ठेवतात. पुरुषांत 5.5 आणि बायकांत 5 सेंटिमीटरच्या आसपास ऑपरेशनचा विचार होतो, कारण बायकांचा फुगवटा लहान असतानाही फुटू शकतो. बिडी-सिगारेट हे याचं मोठं कारण.

ऑपरेशन दोन तऱ्हांनी होतं. एक, पोट उघडून तिथे कापडी नळी शिवायची. दुसरी, जांघेतल्या धमनीतून तारेच्या जाळीवर बसवलेली नळी आत सरकवायची. या नळीला ग्राफ्ट म्हणतात.

ही नळी कशाची? पुष्कळदा पॉलिएस्टरची. हो, आपल्या साड्यांत असतो तोच धागा! अमेरिकेतले डॉ. मायकेल डिबेकी 1950 च्या दशकात ह्यूस्टनच्या एका दुकानात नायलॉन घ्यायला गेले. ते संपलं होतं, म्हणून डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टर, घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. शिवण ते लहानपणी आईकडून शिकले होते. 2005 च्या अखेरीस, वयाच्या 97 व्या वर्षी, त्यांची स्वतःची महाधमनी फाटली, आणि 2006 मध्ये त्यांनाही डेक्रॉनचीच नळी बसवली गेली. दुसरा प्रकार टेफ्लॉनच्या जातीचा, नॉनस्टिक तव्यावर असतो त्या कुळातला.

आता मुख्य गोष्ट. आपली धमनी इलॅस्टिकसारखी असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती ताणते, मग आकसून रक्त पुढे ढकलते. कापडी नळी मजबूत असते, पण तशी ताणत नाही. त्यामुळे ठोक्याची लाट पुढे वेगाने जाते, वरचं बीपी वाढू शकतं आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. ताठ कापड आणि मऊ धमनी जिथे जोडलेली असते, तिथे ताण येतो. जुन्या ब्लाउजला नवं जाड ठिगळ लावलं की ठिगळ टिकतं आणि शेजारचं कापड विरतं, तसंच. म्हणून काही जणांत वर्षांनंतर जोडापाशी धमनी पुन्हा फुगते. म्हणजे नळी फुगवटा सांभाळते, बाकीच्या धमन्या आपल्यालाच सांभाळाव्या लागतात. बीपीची गोळी त्यासाठीच.

जांघेतून नळी बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत ताप येऊ शकतो. शरीर परक्या वस्तूला ओळखत असतं. असा ताप टेफ्लॉनपेक्षा पॉलिएस्टरच्या नळीनंतर जास्त दिसतो आणि बहुधा आपोआप उतरतो. तरीही डॉक्टरांना सांगायचंच. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येणारा ताप मात्र वेगळा. नळीला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तेव्हा घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका.

घरात असा पेशंट असेल तर एवढं करा. बीपी नियमित मोजा. गोळी मनानं बंद करू नका. तंबाखू, बिडी कायमची सोडवा. सांगितलेल्या तारखेला सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन चुकवू नका, दुखत नसलं तरी. जांघेतून बसवलेल्या नळीच्या कडेने रक्त झिरपत असेल, तर ते तपासणीतच कळतं. नळीचा कागद फाइलमध्ये जपा आणि दाताच्या डॉक्टरांनाही नळीबद्दल सांगा.

पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ, चक्कर, रक्ताची उलटी, काळी शौच, यांतलं काहीही झालं तर 108 ला फोन करा आणि पहिलंच वाक्य सांगा, “यांच्या महाधमनीत ग्राफ्ट आहे.” हे वाक्य घरातल्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा, पाठ असू द्या.