आयएसडीएनच्या तारेला कोणतें साधन जोडावें?



टेलिफोनच्या एकाच तारेवरून आवाज आणि मजकूर अंकरूपानें वाहून नेण्याच्या योजनेस आयएसडीएन म्हणतात. जर्मनींत १९८९ पासून तिचा मोठा प्रसार झाला. तिच्या साध्या जोडणींत सेकंदाला ६४,००० बिट वाहणारे दोन मार्ग असतात. शिवाय संकेतांसाठीं १६,००० बिटांचा एक निराळा मार्ग असतो. पुढें १९९० नंतरच्या दशकांत ज्यांनीं आपल्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली बसविली, त्यांना प्रश्न पडे तो हाच कीं, या तारेच्या टोकाला काय जोडावें?

साधनें तीन प्रकारचीं. पहिलें, संगणकाच्या आंत बसणारें कार्ड. तें स्वस्त असे. परंतु त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्यें असल्यावांचून तें निरुपयोगी. दुसरें, टर्मिनल अडॅप्टर. हें बाहेर राहून सीरियल पोर्टास जोडलें जातें आणि लिनक्सला मोडेमसारखेंच भासतें. म्हणून त्यास निराळा ड्रायव्हर लागत नाहीं. तिसरें, राउटर. तें ईथरनेटच्या तारेनें जोडतात, आणि कचेरींतील सर्व संगणक त्याच्याच द्वारें बाहेर जातात.

आतां थोडा हिशेब पाहूं. सामान्य सीरियल पोर्टाचा वेग सेकंदाला फार तर १,१५,२०० बिट. तेथें एका अक्षराच्या आठ बिटांस आरंभाचा व शेवटचा असे दोन बिट जोडावे लागतात. म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरें झालीं. आयएसडीएनचा एक मार्ग ८,००० अक्षरें आणतो, दोन मिळून १६,०००. अर्थात् एकाच मार्गावर ज्याचें भागतें, त्यास अडॅप्टर पुरेसें आहे. दोन्ही मार्ग जोडून घेणाऱ्याचे पैसे मात्र त्या अरुंद पोर्टांत अडकून पडतात.

राउटरला ही अडचण नाहीं; पण त्याची खोड निराळी. कोणत्याहि संगणकानें बाहेरचें कांहीं मागितलें कीं, तें आपण होऊन फोन लावतें. जर्मनींत आकार वेळेवर होता. तेव्हां रात्रीं एखादें यंत्र नुसतें एक नांव विचारीत राहिलें, तरी सकाळपर्यंत बिल वाढत असे. यास्तव कोणत्या मागणीनें फोन लागावा आणि किती सेकंद शांततेनंतर तो तुटावा, हें ज्यांत ठरवितां येतें, तेंच राउटर घ्यावें.

सारांश, एक संगणक व एक मार्ग असेल तर अडॅप्टर. संगणक अनेक असतील तर राउटर. आणि ड्रायव्हरची देखभाल करण्याची ज्याची तयारी आहे, त्यानें कार्ड.

यांत काळाचाहि विचार आहे. लिनक्सच्या कर्नलमधून आयएसडीएनचे जुने ड्रायव्हर २०१९ मध्यें काढून टाकण्यांत आले, आणि त्यांवर विसंबलेलीं कार्डें नव्या कर्नलवर निकामी झालीं. सीरियल पोर्ट आणि ईथरनेट मात्र लिनक्सला अद्याप कळतात. जर्मनींतील बहुतेक आयएसडीएन जोडण्या आतां बंद झाल्या आहेत. तथापि जेथें अशी तार अजून चालू असेल, तेथें साधन निवडतांना किंमतीच्या आधीं हें पाहणें शहाणपणाचें होय.