घाटरस्ता आणि स्वयंसेवकांचे हात

(सावंगी (मेघे), जि. वर्धा येथे स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)



जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वर येथे एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला. घाट तुटला म्हणजे वाडीवस्तीपासून दवाखाना, शाळा आणि बाजार एकाच वेळी दूर जातात. रुग्णालयासाठी ओळखल्या जाणाऱ्या सावंगीत याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

अशा वेळी स्वयंसेवकांनी काय करावे? सैल दरड हलविणे व संरक्षक भिंत उभारणे हे अभियंत्यांचे काम होय. तेथे नुसता उत्साह जिवावर बेतेल. परंतु घाटरस्त्याचा खरा शत्रू म्हणजे वाट न मिळालेले पाणी. डोंगराकडची गटारे गाळाने भरली, मोऱ्यांची तोंडे बुजली की पाणी रस्त्यावर येते, भरावात मुरते आणि भराव दरीत जातो. हा गाळ काढण्यास फावडे, घमेले व शिस्तबद्ध हात पुरतात.

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने हातांच्या कामाला शिक्षणात मानाचे स्थान दिले. त्याच भूमीतील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी वैशाखातच आपल्या हद्दीतील मोऱ्यांची यादी करावी, बांधकाम विभागाच्या सल्ल्याने श्रमदानाचा दिवस ठरवावा. पुरानंतरच्या श्रमदानाचे कौतुक होते. मृगापूर्वी मोकळ्या केलेल्या मोरीचे कोणी नाव घेत नाही. तरीही रस्ता वाचतो तो तिच्यामुळेच.