पूजेतून न सुटणारी यंत्रं

लेखापरीक्षक मित्रहो आणि बोरगावच्या कारखान्यांतून सुटी काढून आलेल्या अकाउंट्सच्या मंडळींनो,

संत्र्याच्या या मुलखात, सौंसर इथे, स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत. नागपूरकरांचं जामसावळीच्या मारुतीचं दर्शन येताना राहिलं असेल, तर परतीच्या वाटेवर घ्या.

आजचा विषय आहे कायम मालमत्तेची मोजणी आणि हिशेबाशी तिचा मेळ. रुक्ष वाटेल, पण खंडेनवमीला कारखान्यात फिरून पाहा. लेथपासून कोपऱ्यातल्या पंपापर्यंत प्रत्येकाला हळदकुंकू लागतं, झेंडू मिळतो. पूजेतून एकही यंत्र सुटत नाही आणि मार्चअखेरीला तेच मोजणीतून सुटतं! कारण पूजा करणारा यंत्रापाशी जातो. यादी करणारा खुर्चीत बसून गेल्या वर्षीच्या कागदावर टिका मारतो.

2020 च्या 'कारो' म्हणजे कंपन्यांच्या ऑडिट अहवालाविषयीच्या आदेशानुसार ऑडिटरला लिहावं लागतं, की नोंदवहीत संख्या आणि ठिकाण आहे का, व्यवस्थापनाने वाजवी कालावधीने प्रत्यक्ष पडताळणी केली का, मोठी तफावत पुस्तकांत नीट हाताळली का. यातला 'ठिकाण' हा रकाना मला सगळ्यात उपेक्षित वाटतो. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन आपला पांढुर्णा जिल्हा झाला. किती नोंदवह्यांत आपण अजून छिंदवाड्यातच राहतो, हात वर करा बरं! जिल्ह्याची ही गत, तर एका शेडमधली मोटर दुसऱ्या शेडमध्ये गेल्याचं कोण लिहिणार? साचे जॉबवर्कवाल्याकडे पडून असतात, गिअरबॉक्स भंगारात गेलेला असतो आणि त्याचा घसारा मात्र इमानेइतबारे चालू!

इथली कारखानदारी आता जुनी झाली. रेमंडची बोरगावची गिरणीच 1991 ची. एवढ्या वयाच्या कोणत्याही वसाहतीत कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातली सर्वसाधारण यंत्रांच्या आयुष्याची 15 वर्षं कधीच सरलेली असतात. पुस्तकात मूळ किमतीचे फार तर 5 टक्के उरतात, यंत्र मात्र तिन्ही पाळ्यांत चालतं. किंमत उरली नाही म्हणून ते यादीतून गाळणं घातक. असं यंत्र चोरीला गेलं तरी हिशेबाला पत्ता लागत नाही. जळालं, तर विम्याच्या दाव्याला पुरावा कुठून आणणार?

म्हणून यादी घेऊन यंत्राकडे जा, आणि यंत्रावरचा नंबर घेऊन यादीकडेही या. एका फेरीत हरवलेलं कळतं, दुसरीत नोंदच न झालेलं. ज्याच्या ताब्यात वस्तू, त्याच्या हाती मोजणी नको. तफावत निघाली की एका 'समायोजना'त ती बुजवण्याची आपल्याकडची जुनी खोड सोडली पाहिजे. वस्तू विकली, भंगारात दिली, दुसऱ्या युनिटला पाठवली की दोनदा लिहिली गेली, हे शोधा; मंजुरी घ्या आणि मगच खतावणीला हात लावा.

दुपारच्या सत्रात तज्ज्ञ बोलणार आहेत. भाषणं ऐकून नुसत्या टाळ्या वाजवू नका. आपल्या कारखान्यातला न जुळणारा एक तरी आकडा चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. कंपनीचं नाव लिहायची गरज नाही.