सगळ्या कपांत सारखा चहा

आम्ही दोघी जावा-जावा बोलतोय. थोरलीच्या लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोन महिने जपानला, ओकायामा शहरात राहून आलो. परत आल्यापासून गटातली प्रत्येकजण विचारते, "तिकडं काय पाहिलं गं?" म्हणून आज एका बागेची आणि एका चहाची गोष्ट सांगतो.

लेकीला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मे महिन्यात तिला घेऊन आम्ही कोराकुएन बागेत जायचो. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते याच बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. बाग म्हटल्यावर आम्हाला वाटलं, फुलंच फुलं असतील. तिथं तर हिरवळ, पाणी, दगड आणि वळणाच्या वाटा. एक वळण घेतलं की तळं दिसतं, पुढं गेलं की नदीपलीकडचा काळा किल्ला दिसतो, जणू तोही बागेतलाच. आणि मधेच भाताची खाचरं आणि चहाचा छोटा मळा! आमचे शेतकरणीचे पाय तिथंच थांबले.

ही बाग तिथल्या इकेदा त्सुनामासा या सरदारानं बांधवली. १६८७ साली काम सुरू झालं आणि १७०० साली पुरं झालं. सगळ्या लोकांसाठी ती खुली झाली १८८४ साली. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बाँबहल्ल्यात बागेचं मोठं नुकसान झालं. जुनी चित्रं आणि कागद बघून लोकांनी ती पुन्हा होती तशी उभी केली.

कोराकुएन या नावाचा अर्थ लेकीनं सांगितला. राज्य करणाऱ्यानं काळजी सगळ्यांच्या आधी करावी आणि सुख सगळ्यांच्या नंतर घ्यावं, या जुन्या चिनी विचारावरून हे नाव ठेवलंय. आम्ही एकमेकींकडं बघून हसलो. आपल्याकडं असं वागतं कोण? राजा नव्हे, घरातली बाई!

आता चहाचं ऐका. पहिल्याच दिवशी आम्ही लेकीच्या घरातली हिरवी चहापत्ती आपल्या पद्धतीनं दूध-साखर घालून खळखळ उकळली. कडू काढा झाला. शेजारच्या आजींना हे कळल्यावर त्या चहाची किटली घेऊन स्वतः आल्या. लेक मधे बसून त्यांचं बोलणं आम्हाला सांगत होती.

आजी म्हणाल्या, झाड तुमचं-आमचं एकच. पानं सुकवून, चुरगाळून हवेत ठेवली की काळी पडतात, तो तुमचा चहा. तोडल्यावर लगेच वाफ दिली की हिरवी राहतात, तो आमचा. हिरव्या पानाला उकळतं पाणी सोसत नाही, कडवटपणा वर येतो.

त्यांची रीत अशी. पाणी उकळून आधी रिकाम्या कपांत ओतायचं. त्यानं पाण्याचं माप होतं, कप गरम होतात आणि पाणी निवतं. किटलीत माणशी एक छोटा चमचा पत्ती घालायची. कप हातात धरवायला लागला की ते पाणी किटलीत ओतायचं, झाकण ठेवायचं आणि मिनिटभर थांबायचं. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. दूध नाही, साखर नाही.

खरं शिकणं पुढं होतं. आजींनी एक कप पुरा भरून मग दुसरा भरला नाही. पहिल्यात थोडा, दुसऱ्यात थोडा, तिसऱ्यात, चौथ्यात थोडा आणि मग उलट चौथ्यापासून पहिल्यापर्यंत. का? तर सुरुवातीचा चहा फिका उतरतो आणि शेवटचा दाट. असं ओतलं की सगळ्यांना सारखा मिळतो. शेवटचा थेंब सगळ्यात चवदार, म्हणून किटली पार निथळायची. आणि त्या चार कपांत आजींचा स्वतःचा कप पहिल्यापासून होता. त्या आमच्याबरोबर बसल्या आणि आमच्याबरोबरच प्याल्या.

मैत्रिणींनो, आमच्या घरात नऊ माणसं. आम्ही सात कप भरायचो आणि पातेल्यात उरेल ते दोघींत. नाही उरलं तर चोथ्यावर पाणी घालून पुन्हा उकळायचं. वीस वर्षं हेच केलं आणि त्यात काही वावगं वाटलं नाही.

परत आल्यावर चहा आपलाच केला, आलं घालून, दुधाचा. पण ताटात नऊ कप मांडले आणि नऊही कपांत फिरवून ओतला. सासूबाईंनी पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही सवयीनं सातच कप काढले, तर त्याच म्हणाल्या, "दोन कमी पडतायत की गं."

जाता जाता एक सांगतो. हिरवा चहा प्यायला म्हणून कुणी आपोआप बारीक होत नाही, तेव्हा महागड्या पुड्यांच्या मागं लागू नका. आणि चहा हिरवा असो की काळा, जेवणाबरोबर घेऊ नका. जेवणातलं लोह अंगाला लागायला तो आडवा येतो आणि रक्त तर आपल्यातल्या कितीजणींचं कमी असतं. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या.

आणि उद्या सकाळी चहा ओतण्याआधी कप मोजा. त्यात आपला धरलाय का, तेवढं बघा.